पाया खणताना : चंदीगडची झाडे आणि मातीखालचा वारसा

नवे शहर कोऱ्या जमिनीवर उभे राहते, असा आपला एक समज असतो. आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावरचा कागद कोरा असतो, म्हणून ती जमीनही कोरी असावी असे वाटते. भारतात हा समज ज्या शहराविषयी सर्वांत दृढ झाला ते शहर म्हणजे चंदीगड. काटकोनात आखलेले रस्ते, क्रमांकाने ओळखले जाणारे सेक्टर आणि उघड्या काँक्रीटच्या भव्य इमारती पाहताना या शहराला भूतकाळ नसावा, असेच पाहुण्याला वाटते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. या शहराच्या जन्माच्या वेळी जमिनीवर आमराया होत्या, नांदती गावे होती आणि जमिनीखाली चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या खुणा होत्या. शहर उभारताना यांतले काय राखले गेले, काय गेले आणि का, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण बांधकामाला हात घालणाऱ्या कोणत्याही संस्थेला तो उपयोगी पडणारा आहे.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारताच्या वाट्याला आलेला पंजाब राजधानीवाचून राहिला. नव्या राजधानीसाठी शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याची, सुखना आणि पटियाली की राव या दोन पावसाळी ओढ्यांमधली जमीन निवडण्यात आली. जवळच्या चंडीमातेच्या मंदिरावरून शहराला नाव मिळाले. प्रारंभीचा आराखडा अमेरिकेचे अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला. ऑगस्ट १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात मृत्यू पावले आणि पुढे हे काम ल कार्बुझिए यांच्याकडे आले. पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे त्यांचे सहकारी होते. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते नव्या राजधानीचे उद्घाटन झाले.

हा प्रदेश मराठी वाचकाला अगदीच परका नाही. १७५८ च्या मार्च महिन्यात राघोबादादांच्या फौजांनी जे सरहिंद घेतले आणि तेथून पुढे लाहोर गाठले, ते सरहिंद चंदीगडपासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. दिल्लीहून लाहोरकडे जाणाऱ्या शतकानुशतकांच्या राजमार्गाचा हा परिसर. ज्या भूमीवरून व्यापारी, यात्रेकरू आणि सैन्ये इतका काळ येत-जात राहिली, ती कोरी असणे शक्यच नव्हते.

राजधानीसाठी पहिल्या टप्प्यात जी जमीन संपादन झाली, तिच्यावर शेतकऱ्यांची गावे वसलेली होती. त्यांतली अनेक गावे उठवली गेली. बुडैल आणि अटावा यांसारखी काही गावे मात्र पुढे वाढत्या शहराने सर्व बाजूंनी वेढली. आजही ती सरळ रेषांच्या सेक्टरांमध्ये आपल्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांसह टिकून आहेत. उठलेल्या गावांची घरे, विहिरींचे कठडे, चुली आणि रांजण यांचे काय झाले, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. त्याचे एक उत्तर पुढे अनपेक्षित ठिकाणी मिळाले. त्याकडे आपण नंतर वळू.

झाडांच्या बाबतीत मात्र चंदीगडच्या निर्मात्यांनी आरंभीच दूरदृष्टी दाखवली. १९५२ मध्ये शहराच्या विकासाचे नियमन करणारा जो कायदा झाला, त्यातच झाडे राखण्याविषयी आदेश काढण्याची तरतूद होती. त्यानुसार वृक्षसंरक्षणाचा आदेशही निघाला. शहराची पहिली घरे उभी राहत असतानाच झाड तोडण्यास परवानगी आवश्यक ठरावी, ही त्या काळातील भारतात विरळा गोष्ट होती. शहराभोवतीच्या पाच मैलांच्या पट्ट्यात बेबंद बांधकाम होऊ नये म्हणून त्याच वर्षी आणखी एक कायदा करण्यात आला. पुढे १९६२ मध्ये हा पट्टा दहा मैलांचा झाला. ओढ्याच्या पात्रालगतची सखल जागा बुजवून सपाट करण्याऐवजी ती शहराच्या मध्यातून जाणारी उद्यानांची सलग पट्टी म्हणून राखण्यात आली. जुन्या आमरायांचे काही भागही आराखड्यात सामावून घेतले गेले.

या कामामागे एका व्यक्तीचा वाटा फार मोठा होता. डॉ. मोहिंदरसिंग रंधावा हे सनदी अधिकारी होते. पण मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. फाळणीनंतर निर्वासितांच्या पुनर्वसनाचे अवघड काम त्यांनी पाहिले होते. शहराच्या वृक्षयोजनेसाठी नेमलेल्या सल्लागार समितीची धुरा त्यांनी वाहिली आणि कोणत्या रस्त्यावर कोणते झाड लावावे याचा बारकाईने विचार केला. कुठे बहावा, कुठे गुलमोहर, कुठे कांचन, कुठे नीलमोहर. फुलण्याचा हंगाम, सावलीचा विस्तार आणि पानगळीचा काळ पाहून ही निवड झाली. घर गमावून आलेल्या माणसांना रुजायचे असेल तर प्रथम सावली हवी, हे निर्वासितांचे हाल पाहिलेल्या या माणसाला वेगळे सांगावे लागले नसेल. आज चंदीगडची जी हिरवाई आपण वाखाणतो, ती निसर्गाने दिलेली नाही. ती कागदावर आखलेली, कायद्याने राखलेली आणि माळ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी वाढवलेली आहे. पुढे शहर नसतानाच्या काळापासून उभ्या असलेल्या वड-पिंपळांसारख्या ३१ झाडांना प्रशासनाने वारसावृक्षांचा दर्जा दिला.

जमिनीवरच्या वारशाची अशी काळजी घेतली गेली. जमिनीखालच्या वारशाला मात्र ती लाभली नाही. शहराचे व्यापारी केंद्र म्हणजे सेक्टर १७. तेथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस इमारतींसाठी खोदकाम चालू असताना हडप्पा संस्कृतीच्या काळातील अवशेष उघडे पडले. मृद्‌भांडी मिळाली आणि मृतांच्या दफनाच्या खुणाही. पुरातत्त्वज्ञांनी तेथे पाहणी व उत्खनन केले आणि मिळालेल्या वस्तू संग्रहालयात गेल्या. भारतातील सर्वांत आधुनिक म्हणवणाऱ्या शहराच्या बाजारपेठेखाली भारतातील सर्वांत प्राचीन नागर संस्कृतीची दफनभूमी निघावी, हा योगायोग इतिहासाच्या शिक्षकाला वर्गात सांगायला मोठा रंजक आहे. परंतु तो सांगताना मनात एक प्रश्न उरतोच. कुदळ आणि यंत्रे पोहोचण्याआधी तेथे पुरातत्त्वज्ञ का पोहोचला नाही?

तेथे काही असू शकेल याची कल्पना कोणालाच नव्हती, असे म्हणता येत नाही. चंदीगडपासून सुमारे ४५ किलोमीटरवर सतलज नदीकाठी रोपड आहे. तेथे १९५२ ते १९५५ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे यज्ञदत्त शर्मा यांनी उत्खनन केले. हडप्पा आणि मोहेंजोदडो ही दोन्ही स्थळे फाळणीत सीमेपलीकडे गेली होती. त्यामुळे स्वतंत्र भारताच्या भूमीवर त्या संस्कृतीचा शोध घेण्याची निकड होती आणि रोपडने त्या शोधाला बळ दिले. तेथे हडप्पाकालीन वस्तीपासून मध्ययुगापर्यंतचे थर एकावर एक मिळाले, दफनभूमीही मिळाली. म्हणजे चंदीगडचे रस्ते आखले जात होते, त्याच वर्षांत अवघ्या एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर या प्रदेशाचा प्राचीन इतिहास उलगडत होता. दोन्ही कामे सरकारीच होती. पण नगररचनाकाराचा नकाशा आणि पुरातत्त्वज्ञाचा नकाशा एका टेबलावर एकमेकांशेजारी ठेवले गेले नाहीत.

येथे कोणी म्हणेल, ‘वस्तू तर मिळाल्या, त्या संग्रहालयात सुरक्षितही आहेत; मग बिघडले काय?’ बिघडते ते असे. जमिनीतून निघालेले मडके स्वतः फार थोडे बोलते. ते कोणत्या थरात होते, त्याच्या शेजारी काय होते, सांगाड्याच्या डोक्याशी होते की पायाशी, वरच्या थरात राख होती की पुराचा गाळ, या सर्वांवरून त्याचा अर्थ लागतो. मातीचे थर म्हणजे पुस्तकाची पाने. यंत्राचा एक फावडा ती पाने एकदम उलथून टाकतो. त्यातून एखादा सुंदर शब्द हाती लागला तरी वाक्य कायमचे हरवते. उत्खननही थर नष्टच करते. पण ते प्रत्येक पान वाचून, नोंदवून, मगच उलटते.

आपल्या महाराष्ट्रातच याचे ठळक उदाहरण आहे. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणून काढताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडी जुंपलेला, सारथी उभा असलेला रथ. त्यांचे एकूण वजन ६० किलोंहून अधिक भरते. भारतीय प्राचीन धातुकलेचा हा अनमोल ठेवा आहे. परंतु तो शास्त्रीय उत्खननात, आपल्या थरात बसलेला असा मिळाला नाही. आणि म्हणूनच त्याच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाला. पुढे शां. अ. साळी यांच्या उत्खननाने तेथील थरांचा क्रम स्पष्ट केला आणि या वस्तू उत्तर हडप्पा काळातील असल्याचे मत मांडले गेले, तरी शंका घेणारे राहिलेच. त्या शेतकऱ्याचा येथे काहीच दोष नाही. उलट त्याच्यामुळेच हा ठेवा जगापुढे आला. मात्र वस्तू हाती येणे आणि तिचा इतिहास हाती येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे यावरून कळावे.

विकासकामाने इतिहास गिळल्याची याहून दुःखद कथा खुद्द हडप्पाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लाहोर–मुलतान लोहमार्ग बांधताना ठेकेदारांना खडी हवी होती आणि हडप्पाच्या टेकाडांत पक्क्या भाजक्या विटांच्या राशी होत्या. त्या विटा रुळांखाली गेल्या. सुमारे शंभर मैलांच्या मार्गाला त्या पुरल्याची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी केली आहे. ज्या शहराच्या विटा आपण वाहून नेतो आहोत ते जगातील आद्य नगरांपैकी एक आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते जगाला कळायला १९२४ साल उजाडावे लागले. अज्ञानाची सबब तेव्हा खरी होती. आज ती देता येणार नाही.

परदेशांनाही हे शहाणपण सहजासहजी आलेले नाही. चंदीगड उभे राहत होते त्याच सुमारास, १९५४ मध्ये, लंडनमध्ये एका कार्यालयीन इमारतीचा पाया खोदताना रोमन काळातील मित्रदेवाचे मंदिर सापडले. ते पाहण्यासाठी हजारो लोकांनी रांगा लावल्या. पण इमारत थांबली नाही. मंदिराचे दगड काढून दुसरीकडे मांडले गेले. २०१७ मध्ये ते पुन्हा मूळ जागेच्या जवळ, नव्या इमारतीच्या तळघरात, लोकांसाठी खुले झाले. मधल्या काळात इंग्लंडने आपले धोरण बदलले होते. १९९० पासून तेथे असा दंडक पडला की जमिनीखाली काही असण्याची शक्यता असेल, तर त्याचा तपास बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी व्हावा आणि त्याचा भार बांधकाम करणाऱ्याने उचलावा. यातला ‘पूर्वी’ हा शब्द महत्त्वाचा. आराखडा कागदावर असेपर्यंत एक खांब दोन मीटर सरकवणे हे पेन्सिलीचे काम असते. काम सुरू झाल्यावर तेच लाखोंचे नुकसान ठरते आणि मग वारसा हा सर्वांना अडथळा वाटू लागतो.

चंदीगडच्या सेक्टर १० मध्ये ल कार्बुझिए यांनी रचलेले शासकीय संग्रहालय आहे. १९६८ मध्ये ते सुरू झाले. त्याचा पाया ज्या संग्रहावर घातला गेला तो लाहोरच्या संग्रहालयातून आलेला. १९४८ मध्ये दोन देशांनी त्या संग्रहालयातील वस्तू वाटून घेतल्या आणि सुमारे ४० टक्के वाटा भारताकडे आला. त्यात गांधारशैलीतील शिल्पांचा मोठा ठेवा होता. वारशाची फाटाफूट म्हणजे काय असते, हे या शहराइतके दुसऱ्या कोणत्या शहराने जाणले असेल?

आता उठलेल्या गावांच्या त्या अवशेषांकडे वळू. बांधकाम खात्यात रस्ता-निरीक्षक असलेले नेकचंद सैनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नोकरीचे तास संपले की सायकलवरून एका झाडीत जात. पाडलेल्या गावांतील आणि बांधकामांवरील टाकाऊ वस्तू, फुटकी भांडी, मडकी, बांगड्यांचे तुकडे, नळ्या, दगड हे सारे ते तेथे जमवीत आणि त्यांतून माणसे, प्राणी, धबधबे व अंगणे घडवीत. ही जागा राखीव होती. काम विनापरवाना होते. कित्येक वर्षांनी ते अधिकाऱ्यांच्या नजरेस आले, तेव्हा ते पाडून टाकणे नियमाला धरून झाले असते. सुदैवाने तसे झाले नाही. १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ लोकांसाठी खुले झाले. शहराने जो भूतकाळ मोडीत काढला, त्याचे तुकडे एका सामान्य कर्मचाऱ्याने गोळा करून शहरालाच परत दिले. एका अर्थी हे चंदीगडमधील खेड्यांचे स्मारकच होय.

एकदा राखलेले कायमचे राखले गेले, असे मात्र होत नाही. २०१६ मध्ये चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. त्याच शहरात २०१९ मध्ये एका उड्डाणपुलासाठी झाडे तोडण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला आणि तोडीला स्थगिती मिळाली. पुढे काही वर्षांनी ती उठली. मार्च २०२५ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी रॉक गार्डनच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला, तेव्हा नागरिकांनी निषेध केला. वाहनांची सोय हीसुद्धा खरी गरज आहे. पण जे शहर झाडे व मोकळ्या जागा यांच्यासह एक संपूर्ण रचना म्हणून घडवले गेले, त्याचा एकेक तुकडा गरजेपुरता काढत गेल्यास शेवटी काय उरेल, हा प्रश्न रास्तच आहे.

झाडे जपणे म्हणजे केवळ ती न तोडणे नव्हे, हेही चंदीगडनेच फार मोठी किंमत देऊन शिकवले. जुलै २०२२ मध्ये तेथील एका शाळेच्या आवारातील सुमारे अडीचशे वर्षांचा मानला जाणारा वारसावृक्ष मधल्या सुटीत कोसळला. एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग स्मरणात ठेवावा. त्यातून ‘जुनी झाडे तोडून टाका’ असा धडा घेणे सोपे आहे. पण तो चुकीचा आहे. वारसा म्हणून फलक लावलेल्या झाडाची प्रकृती नियमितपणे जाणकाराकडून तपासून घेणे, हा खरा धडा.

झाडाचा जो भाग आपल्याला दिसत नाही, त्याच्याशीच बांधकामाची गाठ पडते. मुळे खोडाच्या खाली सरळ खोलवर जातात असे आपण समजतो. प्रत्यक्षात अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे मातीच्या वरच्या साठ-सत्तर सेंटिमीटरांत, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. झाडाला हात न लावता त्याच्या शेजारून पाण्याच्या नळासाठी चर खणला, त्यावर खडी-सिमेंटचे ढीग रचले, अवजड यंत्रे फिरवली किंवा खोडापर्यंत फरशी बसवली, तरी झाड मारले जाते. फक्त ते लगेच मरत नाही. चार-पाच वर्षांनी वाळते आणि तोवर ठेकेदार निघून गेलेला असतो. ब्रिटनमध्ये यासाठी एक सोपे माप वापरतात. खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यात खोदकाम करायचे नाही. खोडाचा व्यास अर्धा मीटर असेल, तर सहा मीटर. आपल्याकडे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्यास सांगितले, ते याच कारणाने.

म्हणजे झाडाची मुळे आणि इतिहासाचे थर यांचे दैव सारखेच आहे. दोन्ही दिसत नाहीत. दोन्ही जमिनीच्या वरच्याच पट्ट्यात असतात. आणि ‘जागा साफ करणे’ या नावाखाली पहिल्याच दिवशी दोन्ही जातात. त्यांची काळजी वाहणारी खाती वेगळी असली, तरी खणणारा हात एकच असतो. म्हणून त्यांचा विचारही एकत्र आणि वेळेवर व्हायला हवा.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने अनेक शाळा नव्या इमारतींचे संकल्प सोडतात, माजी विद्यार्थी सढळ हाताने देणग्या देतात, पालक श्रमदान करतात. अशा वेळी चंदीगडचा हा इतिहास आपल्या दारापर्यंत येतो. महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्ष मानले आहे. साठ वर्षांपूर्वी एखाद्या शाळेच्या पहिल्या तुकडीने लावलेला कडुनिंब आज या व्याख्येत बसतो, हे किती जणांच्या ध्यानात येते? त्याचप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार बंधनकारक आहे. हे कायदे ठाऊक असले, तरी त्यांच्या आधीही काही साध्या गोष्टी करता येतात. वास्तुविशारदाला आवाराचा नकाशा देताना त्यावर प्रत्येक झाड, त्याचा घेर आणि मुळांचे वर्तुळ दाखवावे. गावातील जाणत्यांना विचारून जुनी विहीर, पांढरीची जागा, पडका वाडा, वीरगळ यांची नोंद घ्यावी. ‘पांढर’ म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती, हे आपल्या शेतकऱ्यांना पुरातत्त्वज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. ठेकेदाराशी करार करतानाच अट घालावी की खापरे, विटांचे बांधकाम, नाणी किंवा हाडे दिसल्यास काम थांबवून, छायाचित्रे घेऊन, पुरातत्त्व विभागाला कळवावे. आणि खोदाईच्या पहिल्या दिवशी एका शिक्षकाने विद्यार्थ्यांसह सुरक्षित अंतरावर उभे राहून मातीचे थर पाहावेत व वहीत उतरवून घ्यावेत. इतिहासाचा याहून चांगला तास क्वचितच होईल.

चंदीगडमध्ये जे टिकले ते कोणीतरी वेळेवर विचार केला म्हणून टिकले. आणि जे गेले त्याविषयी विचारणारा माणूस त्या जागी वेळेवर पोहोचला नाही, एवढेच. रंधावांनी लावलेल्या झाडांच्या सावलीतून आज जी मुले शाळेत जातात, त्यांतल्या बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नसेल. त्याने काही बिघडत नाही. सावलीला नाव लागत नाही. लागते ती पाया खणण्यापूर्वी क्षणभर थांबून खाली आणि वर पाहण्याची सवय. ही सवय शाळेत लागली, तर ती पुढच्या साठ वर्षांना पुरेल.